निरोगी गट

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता डॉ. जयंत हुपरीकर यांनी स्वतःच्याच हॉस्पिटलात, स्वतःच्याच पेशंटांसमोर दुर्बिणीची नळी गिळली. बूट काढले, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि टेबलावर डाव्या कुशीला झोपले. चष्मा मात्र डोळ्यांवर ठेवला. समोरचा स्क्रीन त्यांना स्वतःला बघायचा होता.

तोंडात नळी धरायचं प्लास्टिकचं कडं बसवण्याआधी ते मला म्हणाले, "लोंढे, लिहून घ्या. भूल नाही, इंजेक्शन नाही. नुसता घशात फवारा."

मी लिहून घेतलं.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली. तेव्हा मी कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. गावात ट्रस्टचं हॉस्पिटल होतं. ट्रस्टचे अध्यक्ष आमच्या पेपरचेही अध्यक्ष होते, त्यामुळे हॉस्पिटलचे मुख्य सर्जन डॉ. हुपरीकर दर आठवड्याला आमच्या पेपरात आरोग्यावर लेख लिहायचे. म्हणजे ते बोलायचे आणि मी लिहायचो. त्यासाठी दर गुरुवारी त्यांच्या ओपीडीत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची मला परवानगी होती. "लिहून घ्या" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून जेवढे ऐकले, तेवढे शाळेतही ऐकले नव्हते.

त्या काळात ते एक अभ्यास करत होते. पोटाच्या, म्हणजे जठराच्या कॅन्सरचे किती पेशंट हॉस्पिटलात येतात, कुठल्या गावांतून येतात, काय खातात, काय पितात, काय चघळतात. प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारायचे. तंबाखू, मिश्री, दारू, सुकी खारवलेली मासळी, तिखट, त्रास कधीपासून. पण नुसत्या आजारी माणसांना विचारून काही सिद्ध होत नाही, एवढं विद्यापीठानं त्यांना कळवलं होतं. तेच प्रश्न धडधाकट माणसांनाही विचारायला हवेत, आणि ती खरोखर धडधाकट आहेत हे दुर्बिणीनं आत बघून ठरवायला हवं. या दुसऱ्या लोकांना डॉक्टर 'निरोगी गट' म्हणत. काही होत नसताना नळी गिळायला माणूस तयार होत नाही, म्हणून हा गट भरता भरत नव्हता. वॉर्डबॉय, लिफ्टमन, दोन नर्सचे नवरे, एक ड्रायव्हर. यातले निम्मे आपणहून आले नव्हते, त्यांना रजेसाठी सही हवी होती.

अभ्यास पुरा व्हायचा होता, पण निष्कर्ष डॉक्टरांकडे पहिल्या दिवसापासून तयार होता. "रोग पोटात होत नाही, लोंढे. रोग सवयीत होतो." ते स्वतः शाकाहारी. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. समोर बसलेल्या माणसाच्या काळ्या दातांकडे ते असे बघत, जणू त्यानं दात घरी ठेवून यायला हवं होतं. एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं होतं की, तू पोट म्हणून काय बाळगतोस, पोट की चूल? म्हातारा ओशाळून हसला होता. पुढच्या महिन्यात तो वारला. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मी सांगितलं होतं.

सर्वांत जास्त संताप त्यांना एका शब्दाचा येई. आमच्या भागात पोटाचा आजार कुणालाच होत नाही, सगळ्यांना पित्त होतं. डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, सून उलटून बोलली की सासूला पित्त. सोडा प्यायचा, थंड दूध प्यायचं, मिठाचं पाणी पिऊन घशात बोटं घालायची आणि वर्ष ढकलायचं. "पित्त पित्त करत ही माणसं सरणावर जातात," असं डॉक्टर म्हणत. या वाक्यावर मी त्यांचे तीन लेख केले होते.

त्या वर्षी ते बारीक झाले होते. पट्ट्याला घरीच नवं भोक पाडलेलं दिसायचं. भात सोडला, असं त्यांनी मला सांगितलं आणि वाचकांनीही सोडावा म्हणून लेख दिला. सकाळी ते काहीच खात नसत. ती शिस्त होती, तिच्यावरही लेख झाला. टेबलाच्या खणात एक गुलाबी औषधाची बाटली असे. दोन पेशंटांच्या मधे खण उघडून ते टोपणभर घोट घेत, ओठ पुसत आणि घंटी वाजवत. मी एकदा नुसतं बघितलं, तर म्हणाले, "जागरणं होतात. हे लिहू नका."

आक्काताई भोरे ही बाई आठवडे बाजारांतून सुकट आणि बोंबील विकायची. वय पन्नासच्या आसपास. तीन महिने तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हाच डॉक्टरांचे प्रश्न तिला आवडले नाहीत.

"मिश्री लावता?"

"लावते."

"किती वेळा?"

"तोंडाला बरं वाटंस्तवर."

"सुकी मासळी?"

"इकते ती खाणारच की. तुमी औषध देतासा, सोता घेत न्हाईसा व्हय?"

डॉक्टरांनी खणाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "लिहून घ्या. हा पूर्ण नमुना आहे." मग तिला दुर्बिणीनं तपासायला सांगितलं. ती उठून गेली. पंधरा दिवसांनी परत आली, परत नळीचं नाव काढल्यावर उठून गेली. तिसऱ्यांदा आली ती त्या गुरुवारी. ओपीडी भरलेली होती, बाकांवर जागा नव्हती, दार उघडं होतं. तिनं नको म्हणताच डॉक्टरांचा आवाज चढला. मरायची तयारी आहे, पण बोटभर जाडीची नळी गिळायची तयारी नाही. अशा भित्र्या लोकांवर सरकारनं आणि ट्रस्टनं पैसा ओतायचा. पलीकडच्या बाकावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

आक्काताई शांत होती. तिनं विचारलं, "तुमी गिळलीसा का कवा?"

"मला काय झालंय?"

"मला तरी काय झालंय? पित्त हाय."

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. ती दाराकडे वळून म्हणाली, "हसू नगा. मी बोलते ते खरं बोलते. डागदरांनी आधी गिळावी. त्यांच्या मागनं मी गिळते. न्हाई गिळली तर बाजारात परत बसणार न्हाई."

डॉक्टर हा विषय घंटी वाजवून संपवू शकले असते. पण ओपीडी ऐकत होती, मी स्टुलावर होतो, माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि निरोगी गटात माणसं कमी पडत होती. त्यांनी खुर्ची मागे सारली. "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही मी," ते म्हणाले. एखाद्यानं मिळालेलं पदक दाखवावं, तसं हे त्यांनी सांगितलं. "चला. लोंढे, रोल आहे ना कॅमेऱ्यात?"

दुर्बीण घालणार होत्या डॉ. तहसीन मुजावर. या त्यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. दारात आक्काताई उभी राहिली. पैज तिची होती, त्यामुळे तिला हलवायचा प्रश्न नव्हता. तिच्या खांद्यावरून आणखी चार डोकी आत बघत होती.

मी दोन वर्षं त्या स्क्रीनसमोर बसलेलो होतो. त्यात काय बघायचं, ते डॉक्टरांनीच मला शिकवलं होतं. सपाट, ओलं, गुलाबी म्हणजे घरी जा. मध्ये खळगा आणि भोवती उचललेला काठ, म्हणजे माझं काम, असं ते म्हणत. नळी खाली गेली. डॉक्टरांना एकदा उमळून आलं, त्यांनी ते आवरलं. गुलाबी भिंती सरकत होत्या. मी एक फोटो काढला. नळी पोटाच्या खालच्या टोकाकडे वळली आणि डॉ. मुजावरांचा हात थांबला.

विहीर उपसताना गाळ काठावर टाकत जावा, तसा काठ होता. मध्ये खळगा होता. तळ करडा होता.

डॉ. मुजावरांनी नर्सकडे हात पुढे केला आणि चिमटा मागितला. "सर, तुकडा घेते."

सरांच्या तोंडात कडं होतं. त्यांनी टेबलाच्या कडेवरून उजवा हात उचलला आणि तर्जनी दोनदा हलवली. ते बोट मी ओळखत होतो. तंबाखूची पुडी खिशात असलेल्या माणसासमोर ते तसंच हलायचं.

"सर, दोनच मिनिटं."

डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर काढली नव्हती. त्यांनी हात लांबवून नळीच धरली. डॉ. मुजावरांनी ती बाहेर काढली.

ते उठून बसले, तोंडाची लाळ पुसली, चूळ भरली, घड्याळ बांधलं. दारातून आक्काताईनं विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. पित्त," डॉक्टर म्हणाले.

दारातली डोकी हसली. डॉ. मुजावर हसल्या नाहीत. डॉक्टर बुटाची नाडी बांधत होते. खाली वाकूनच त्यांनी सांगितलं, "लोंढे, लिहून घ्या, नॉर्मल. मुजावर, निरोगी गटात एक वाढवा."

"सर, मला वाटतं आपण..."

"पुढचा पेशंट."

पुढचा पेशंट आक्काताई होती, तीही उपाशीपोटीच. तिनं शब्द पाळला. नळीच्या आईबापांचा उद्धार केला, दोनदा नर्सचा हात ढकलला, पण गिळली. तिच्या पोटात रुपयाएवढा एक चट्टा दिसला. डॉ. मुजावरांनी त्याचे तुकडे घेतले आणि तपासायला पाठवले.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. वेळ, बूट, फवारा, आक्काताईची पैज, सगळं लिहिलं. 'नॉर्मल' लिहिलं नाही, कारण मी स्क्रीन पाहिला होता. जे पाहिलं तेही लिहिलं नाही. कुणाच्या पोटात काय आहे ते त्याला विचारल्याशिवाय छापायचं नाही, हा आमच्याकडे नियम होता आणि तो डॉक्टरांनाही लागू होता. संपादकांनी मथळा दिला, 'आधी स्वतः, मग पेशंट'. फोटो पहिल्या पानावर गेला. ट्रस्टला तो इतका आवडला, की त्यांनी त्याचं पोस्टर करून ओपीडीच्या भिंतीवर लावलं. खाली छापलं होतं, 'मी तपासून घेतलं. तुम्ही?'

रविवारी दुपारी ऑफिसात मी एकटा होतो. उषा हुपरीकर आल्या. या डॉक्टरांच्या पत्नी. कन्याशाळेत गणित शिकवायच्या. गावातल्या निम्म्या बायका अजून त्यांना बघून पदर सारखा करत. हातात आमचा पेपर होता, घडी घातलेला. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"लोंढे, तुम्ही माझे विद्यार्थी नाही, म्हणून रागवत नाही. गणित सगळं मांडलंत. उत्तर लिहिलं नाहीत."

मी म्हणालो, बाई, ते डॉक्टरांना विचारा.

"विचारलं. नॉर्मल म्हणाले. मग तुम्ही ते छापलं का नाही? तुम्ही त्यांच्या बुटांची नाडीसुद्धा सोडलेली नाही."

डॉ. मुजावरांना विचारा, असं मी सुचवलं.

"ती मुलगी माझ्याकडे बघत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले." त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. "आठ महिने मी त्यांच्या पँटी कमरेत आत घेतेय. तुम्ही लिहिलंत की त्यांनी भात सोडला. त्यांनी भात सोडलेला नाही. ताटात वाढून घेतात आणि तो तसाच राहतो."

त्या दिवशी मी पत्रकार म्हणून काही केलं नाही. त्या बायको होत्या आणि विचारत होत्या. जे पाहिलं होतं तेवढं सांगितलं. काठ, खळगा, चिमटा, बोट. अर्थ सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही. तीस वर्षं सर्जनच्या घरात काढलेल्या बाईला तो सांगायची गरज नव्हती. त्या पेपर घेऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखा स्टुलावर जाऊन बसलो. आक्काताईचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर होता, पण वरच्या थरात. डॉक्टरांनी तिला समोर बसवून तो सांगितला, आणि त्यांच्या पद्धतीनं सांगितला. तीन महिने पित्त म्हणत बसलात. आणखी सहा महिने बसला असता, तर मी पोट उघडून तसंच शिवलं असतं. आता अर्धं पोट काढतो, बाकीच्या अर्ध्यावर जगा. मिश्री बंद. मासळी विकायची, खायची नाही. आक्काताईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता, पण ती रडली नाही. उठून भिंतीला टेकून उभी राहिली, तिथून हलली नाही.

नर्सनं पुढचा केसपेपर उचलला. वाचायला तोंड उघडलं आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी घंटी वाजवली. पेशंटचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचाच नियम होता. तिनं वाचलं. "जयंत दत्तात्रय हुपरीकर. वय चोपन्न."

बाकावरच्या गर्दीतून उषाबाई उठल्या. सकाळपासून त्या तिथंच रांगेत बसल्या होत्या. आत आल्या आणि पेशंटच्या रिकाम्या स्टुलाशेजारी उभ्या राहिल्या. नातेवाईक उभे राहतात तशा.

"पेशंट कुठाय?" डॉक्टरांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"खुर्चीत," त्या म्हणाल्या. मग कागद न बघता बोलायला लागल्या. "तंबाखू नाही. मिश्री नाही. दारू नाही. सुकी मासळी नाही. त्रास आठ महिने. वजन अकरा किलो कमी. सकाळी घशाखाली काही उतरत नाही. घरी विचारलं तर सांगतात, पित्त आहे."

डॉ. मुजावर हातातल्या एक्स-रेकडे बघत होत्या. तो उलटा धरलेला होता.

"उषा, बाहेर बस. हे घर नाही."

"म्हणूनच इथं आले. घरी तुम्ही डॉक्टर असता."

दार उघडं होतं. भिंतीवरच्या पोस्टरवर डॉक्टर डाव्या कुशीवर पडलेले होते. आक्काताईनं त्यांच्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

"डागदर," ती म्हणाली, "माझ्या पोटातला तुकडा घेतला. तुमचा ऱ्हायलाय व्हय?"

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर डॉक्टरांना उत्तर सुचलं असतं. त्यांचा हात खणाकडे गेला, खण उघडला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन उचललं, कारण दोन वर्षांची सवय होती.

"लोंढे, बाहेर जा," ते म्हणाले.

मी बाहेर गेलो. पाठोपाठ आक्काताईला आणि नर्सला बाहेर काढलं. दार लागलं. आत डॉक्टर, त्यांची बायको आणि डॉ. मुजावर एवढीच माणसं राहिली. बऱ्याच वेळानं उषाबाई बाहेर आल्या. केसपेपर आतच राहिला होता. कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेल्या. घंटी वाजली. उरलेले सगळे पेशंट डॉक्टरांनी तपासले. नर्स सांगत होती, त्या दिवशी ते कुणावर ओरडले नाहीत. लोकांना त्याचीच जास्त भीती वाटली.

त्या पुढच्या आठवड्यात त्यांनी आक्काताईचं ऑपरेशन केलं. चांगलं केलं. त्यांचा हात चांगला होता, हे मी तेव्हा छापलं होतं आणि ते खरं आहे. ती शुद्धीवर आली तेव्हा ते खाटेशी उभे होते. तिनं विचारलं, तुमचं काय ठरलं. ते तिची नाडी बघत राहिले.

त्यानंतर ते रजेवर गेले. पुण्यात परिषद आहे, असं ट्रस्टनं सांगितलं. महिन्यानं बेंगळुरूहून, मुलाच्या ऑफिसातून फॅक्सनं राजीनामा आला. कारण, वैयक्तिक. लेखमाला बंद झाली. कुलूप लावलेलं घर दोन वर्षांनी विकलं गेलं, सह्या मुलानं मुखत्यारपत्रावर केल्या. उषाबाईंना मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. डॉ. मुजावर त्या बंद दाराआड काय झालं ते सांगत नाहीत. पेशंटचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, एवढंच म्हणतात. पेशंट हा शब्द त्या जपून वापरतात.

आक्काताई अजून शुक्रवारच्या बाजारात बसते. थोडं थोडं पाच वेळा खाते. मिश्री सोडली असं सांगते, दात वेगळं सांगतात. मी दिसलो की बोंबलाचा वाटा माझ्या पिशवीत कोंबते आणि विचारते, "तुमच्या डागदराचं काय कळलं का?" मी नाही म्हणतो. "पैज मी जिंकली का हरली, ते तरी कळाय पायजे की," ती म्हणते.

अभ्यास मात्र छापून आला, एका वैद्यकीय नियतकालिकात. पहिलं नाव हुपरीकर, दुसरं मुजावर. तंबाखू, मिश्री, खारवलेली मासळी, उशिरा येणं. डॉक्टर म्हणत होते तसंच सगळं निघालं. गेल्या वर्षी डॉ. मुजावरांनी तो अंक मला वाचायला दिला आणि सोबत त्यांच्याकडची कच्ची प्रतही दिली. छापायला जाण्याआधीची शेवटची प्रत सरांनी बेंगळुरूहून स्वतः तपासून पाठवली होती, हे त्या मुद्दाम म्हणाल्या. बाकी काही म्हणाल्या नाहीत.

सरांनी तपासण्याआधीच्या त्या कच्च्या प्रतीत निरोगी गटात एकेचाळीस माणसं आहेत. छापलेल्या लेखात चाळीस.

मी पान उलटून आजारी गटाचा आकडा पाहिला. तो दोन्हीकडे सारखाच आहे.